दोरीवरचा आळ

रेल्वेच्या पिवळ्या पाट्यांवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापूरचा समुद्राशी रोजचा संबंध जवळजवळ तेवढाच. पण शिडाच्या होडीत एक वस्तू अशी आहे, की सोलापूरचा कुठलाही पंपवाला ती बघितल्याबरोबर ओळखेल, आणि ओळखल्याबरोबर चुकेल.

ती वस्तू म्हणजे ग्लँड. दांडा भिंतीतून आरपार गेलेला, भिंतीच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं. मधली फट बुजवायची, पण दांडा तर फिरला पाहिजे. वाफेच्या इंजिनांपासून चालत आलेला यावरचा तोडगा असा: दांड्याभोवती एक पितळी डबी, डबीत चरबी किंवा मेण मुरवलेल्या चौकोनी विणीच्या दोरीच्या कड्या, आणि वरून दाबणारा नट. दोरी वरून दबली की बाजूला फुगते आणि दांड्याला बिलगते. गिरण्यांच्या काळात इंजिनाच्या दांड्यांना हीच दोरी लागायची. १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या मिलपासून या शहराची तिच्याशी ओळख असणार. आज ती विहिरीवरच्या पंपात आहे, साखर कारखान्यात आहे, गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपगृहांत आहे. दुकानात ‘ग्लँड दोरी द्या’ म्हटलं की दुकानदार फक्त ‘कितीची?’ एवढंच विचारतो.

पंपाच्या ग्लँडचा पहिला धडा म्हणजे ते टपकलं पाहिजे. ४० मिलिमीटरचा शाफ्ट मिनिटाला १४५० फेरे मारत असेल, तर दोरीवरून त्याचा पृष्ठभाग सेकंदाला तीन मीटर वेगाने घासत जातो. ती उष्णता वाहून न्यायला थेंब लागतो. नवशिक्या गडी थेंब दिसला की पान्हा घेऊन धावतो, नट आवळतो, पाणी बंद झालं म्हणून खूश होतो, आणि संध्याकाळपर्यंत दोरी जळून शाफ्टवर खाच पडलेली असते. म्हणून जाणता माणूस नट जरा सैलच ठेवतो. त्याच्या दृष्टीने टपकणारं ग्लँड हे निरोगी ग्लँड.

आता होडीच्या सुकाणूचा दांडा घ्या. तो फेरे मारत नाही. इकडे साधारण ३५ अंश, तिकडे ३५ अंश, बस. दांडा ५० मिलिमीटरचा धरला, तर सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फिरवलं तरी दोरीवरून जेमतेम ३० मिलिमीटर घसरण होते, आणि तीही काही सेकंदांत. उष्णता नाहीच, तर थेंबाची गरज कशाला? सुकाणूचं ग्लँड कोरडंच असायला हवं. मिनिटाला ६० थेंब म्हणजे सुमारे तीन मिलिलिटर. दिवसाला चार लिटरच्या वर. दहा दिवस नांगरावर बेवारस उभ्या असलेल्या होडीच्या बुडात तेवढ्यात चाळीस लिटर पाणी साचतं, आणि बिल्ज पंपाची, म्हणजे बुडात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, बॅटरी उतरलेली असेल तर ते तिथेच राहतं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण इथे शब्दशः खरी होते, फक्त तळं नको त्या ठिकाणी साचतं.

पण पंपवाल्याची ही चूक त्या मानाने साधी. थेंब चालेल म्हणून त्याने सोडून दिला, दुसऱ्या कुणी सांगितलं, त्याने आवळला, संपलं. खरी मोठी चूक दुसरीच आहे, आणि ती पंपवालेच करतात असं नाही, होडीवाले जास्त करतात. थेंब दिसला की दोरीला दोष द्यायचा. दोरी आवळायची, मग बदलायची, मग पुन्हा आवळायची. सुकाणूच्या दांड्याभोवतून येणारं पाणी बहुतेक वेळा दोरी खराब झाल्यामुळे येत नाही. दोरी खराब व्हायला भाग पाडणारं काहीतरी खाली असतं. चोर मोकळा आणि संन्याशाला फाशी.

आधी हा दांडा बुडातून जातोच का, ते बघू. कोकणातल्या जुन्या घडणीच्या होड्यांना हा प्रश्नच नाही. त्यांचं सुकाणू मागच्या बाजूला बाहेरून बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं. बुडाला भोक नाही, म्हणून गळती नाही. लहान शर्यतीच्या होड्यांचंही तसंच. पण होडी मोठी झाली, चाकाने सुकाणू फिरवायचं ठरलं, पातं पाण्याखाली पूर्ण बुडालेलं आणि थोडं संतुलित हवं असं वाटलं, की दांडा आत घ्यावा लागतो. तो एका नळीतून वर येतो. ही नळी फायबरग्लासची असते आणि बुडाला काचेच्या कापडाने रेझिनमध्ये जोडलेली असते. काही होड्यांत नळी थेट वरच्या डेकपर्यंत नेतात; मग पाणी नळीत पाण्याच्या पातळीइतकंच चढतं आणि ग्लँडची गरज उरत नाही. जिथे नळी मध्येच संपते तिथे तिच्या तोंडावर ग्लँड, ऑइल सील म्हणजे रबरी ओठाची कडी, किंवा रबरी बूट म्हणजे घड्या असलेली रबरी बाही बसवतात. नळीच्या खालच्या तोंडाशी एक बेअरिंग, वर डेकजवळ दुसरं.

या दोन बेअरिंगवर किती भार येतो याचा अंदाज असला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. पात्याचं क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर, होडीचा वेग ६ नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटरच्या आसपास, सुकाणू जोरात वळवलेलं. पात्यावर सुमारे २०० किलोचा रेटा येतो. तो रेटा खालच्या बेअरिंगच्या अर्धा-पाऊण मीटर खाली लागतो, म्हणून दांडा तरफेसारखा वागतो. दोन बेअरिंगांमधलं अंतर आणि खालचा लोंबता हात सारखाच, समजा ६० सेंटिमीटर धरला, तर वरच्या बेअरिंगवर २०० किलो आणि खालच्यावर ४०० किलो. प्रत्येक लाटेला हा भार बाजू बदलतो. बेअरिंगची झीज झाली की दांडा नळीत डुलायला लागतो. एक मिलिमीटर डुलला तरी ग्लँडमधली दोरी एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूला फट पडते, मग उलट. दोरीचं काम पाणी अडवणं, भार पेलणं नव्हे. जो भार बेअरिंगने घ्यायचा तो दोरीच्या अंगावर आला की कोणती दोरी टिकेल?

म्हणून पान्हा हातात घेण्याआधी दोन कामं. पहिलं, पाणी कुठून येतंय ते नक्की करायचं. दांड्याभोवतीची सगळी जागा फडक्याने पुसून कोरडी करायची आणि टिश्यू पेपरची पट्टी एकदा ग्लँडच्या नटाखाली, एकदा नळी बुडाला मिळते त्या सांध्याभोवती, एकदा दांड्याच्या वरच्या भागावर गुंडाळायची. पहिली ओली होणारी पट्टी खरं सांगते. पाणी बोटावर घेऊन चाखायचं. खारट नसेल तर ते पावसाचं किंवा डेक धुतल्याचं आहे. डेकवरच्या कॉलरमधून दांड्याच्या अंगाने खाली उतरून ते ग्लँडवर साचतं आणि आळ पुन्हा दोरीवर. बंदराजवळ नदीच्या मुखाशी उभ्या होडीला ही परीक्षा फसवते, तिथलं पाणी मचूळच असतं.

गळती उभ्या होडीत न दिसता चालत्या होडीतच दिसते, हाही घोळ होतो. इंजिनावर जोरात जाताना मागचा भाग पाण्यात बसतो, शिवाय मागून उठणारी लाट असते. नांगरावर पाण्याच्या वर असलेलं ग्लँड तेव्हा पाण्याखाली जातं. म्हणजे एकाने आत रांगत जाऊन टॉर्च धरून बघायचं आणि दुसऱ्याने होडी चालवायची. नुसतं नांगरावर बघून ‘कोरडं आहे’ म्हणणं म्हणजे मोटार बंद असताना पंप बघण्यासारखं.

दुसरं काम होडी बाहेर काढलेली असताना. पात्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे ढकलायचं, मग पुढे-मागे. दुसऱ्या माणसाने दांडा नळीत शिरतो तिथे बोट ठेवायचं. टोकाशी पाच-सात मिलिमीटर हालचाल दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती तरफेने मोठी दिसते. पण बेअरिंगपाशी बोटाला ‘टक्’ असा धक्का लागला, तर मग दोरीचा विषय बाजूला ठेवायचा. त्याच वेळी नळी आणि बुड यांच्या सांध्यावर नखाने रंग खरवडून बघायचा. पांढऱ्या रेषा दिसल्या, ढकलताना त्यातून पाणी पाझरलं, तर गळती फायबरच्या भेगेतून आहे. ते काम निराळं: भेग घासून कच्च्या काचेपर्यंत जायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मग इपॉक्सी आणि काचेच्या कापडाचे थर. अशा भेगेवर वरून सिलिकॉन फासणारे लोक आहेत. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

बेअरिंगचं काम निघालं तर मात्र सोलापूरची हवा त्यात शिरते, आणि ती कशी ते सविस्तर सांगायला हवं. बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती बेअरिंगची नळकांडी, करून घ्यायला लेथ कुठेही चालतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेल्या माणसांना तोटा नाही. जुना बुश नमुना म्हणून दिला, दांड्याचं माप दिलं, की टर्नर पहिल्यांदा नायलॉनचा रॉड उचलतो. स्वस्त, कापायला मऊ, घसरडा. जमिनीवरच्या यंत्रात नायलॉन उत्तम आहे. पाण्यात तो फुगतो. नायलॉन-६ पाण्यात पूर्ण मुरला की वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी पितो आणि मापाने दोन-तीन टक्के वाढतो. सोलापूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत तर तो हाडासारखा वाळलेला असतो. बुशची भिंत आठ मिलिमीटरची धरा. दोन टक्के म्हणजे प्रत्येक बाजूला ०.१६, व्यासात ०.३२ मिलिमीटर. बाहेरून नळीने आवळलेला असल्याने त्याला वाढायला आतलीच दिशा उरते. लेथवर तेल लावल्यासारखा फिरणारा दांडा तीन महिन्यांनी समुद्रात असा धरतो, की चाक दोन हातांनी ओढावं लागतं.

यावर उपाय माहीतगार लोक वापरतात तोच: अ‍ॅसिटल, म्हणजे बाजारात डेलरीन नावाने ओळखला जाणारा प्लास्टिक रॉड. तो पूर्ण मुरला तरी पाणी एक टक्क्याच्या आतच पितो. पण त्यालाही उन्हाचा हिशोब लागतो. त्याचं उष्णतेने वाढणं स्टेनलेस स्टीलच्या सहा-सात पट आहे. दुपारी ४२ अंशांत मापलेलं ५० मिलिमीटरचं भोक २७ अंशांच्या समुद्रात सुमारे ०.०८ मिलिमीटरने लहान होतं. टर्नरला ‘शंभराची ढिलाई ठेव’ सांगून मोकळं झालं, म्हणजे ०.१ मिलिमीटर, तर त्यातली बहुतेक ढिलाई पाण्याच्या गारव्यातच संपते. माप सकाळी घ्यावं, आणि ढिलाई बुश दाबून बसवल्यानंतर मोजावी. दाबून बसवताना भोक पुन्हा थोडं मिटतं. हे टर्नरला आधी सांगितलं तर तो भोक शेवटी आणखी एकदा कापून मोकळं करण्यापुरता माल ठेवतो. नंतर सांगितलं तर दुसरा बुश.

बेअरिंग ठीक आहे, नळी ठीक आहे, आणि तरीही ग्लँडमधून थेंब आहे. आता दोरीचा विषय.

कोणती दोरी? जुनी पद्धत जवसाच्या धाग्याची, म्हणजे फ्लॅक्सची, चरबीत मुरवलेली. सुकाणूला ती आजही चालते. पण जनावराची चरबी चाळिशीच्या पुढे वितळायला लागते आणि सोलापुरात पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस अंश ही मे महिन्याची सकाळ असते. शेडमध्ये लटकवलेलं भेंडोळं उन्हाळ्यानंतर बघितलं तर खाली तेलकट डाग आणि वर नुसता सुका धागा. अशी दोरी ग्लँडमध्ये घातली की ती दाबताच कुरकुरते, पाणी पिते आणि सडते. फ्लॅक्समध्येच टेफ्लॉन मुरवलेली दोरी त्यापेक्षा बरी, उन्हाला दाद देत नाही. आणि एक दोरी सुकाणूला घालू नये: काळी, ग्रॅफाइटची. गरम पाण्याच्या पंपाला ती सर्वात चांगली म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. पण खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि धातू एकत्र आले की बॅटरीची जोडी तयार होते आणि त्यात खर्च धातू होतो. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ग्रॅफाइट म्हणजे स्वतःच्या हाताने कीड लावणं. स्टेनलेसलाही ते सोसत नाही.

जाडी अंदाजाने घ्यायची नाही. डबीचा आतला व्यास वजा दांड्याचा व्यास, भागिले दोन. डबी ६६, दांडा ५०, तर दोरी ८ मिलिमीटर, म्हणजे दुकानातली अडीच सूत. जुन्या दोरीवरून माप घेऊ नये, ती चेपलेली असते. एका कडीची लांबी मधल्या व्यासावर, ५८ गुणिले ३.१४, म्हणजे १८२ मिलिमीटर. चार कड्यांना पाऊण मीटरच्या आत. दीड मीटर घेतली तर एखादी कडी बिघडली तरी अडत नाही.

काम होडी पाण्यात असतानाही करता येतं, जर ग्लँड उभ्या होडीत पाण्याच्या वर असेल तर. नसेल, किंवा काठावर असेल, तर नांगराची साखळी, पाण्याचे कॅन, दोन-चार माणसं पुढच्या टोकाला न्यायची. मागचा भाग काही सेंटिमीटर उचलला जातो आणि तेवढं पुरतं. तरीही फडक्याच्या घट्ट वळलेल्या पट्ट्या हाताशी ठेवायच्या. दोरी काढल्यावर अर्धा मिलिमीटरच्या गोल फटीतून, २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला, तासाला जास्तीत जास्त तीनशे-साडेतीनशे लिटर येऊ शकतात. भीतिदायक वाटतं, पण हातपंपाच्या आवाक्यातलं आहे. दांडाच खाली निसटला तर गोष्ट वेगळी: ५० मिलिमीटरच्या उघड्या भोकातून ३० सेंटिमीटर खोलीवर मिनिटाला १७० लिटर. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी तीन मिनिटांत भरावी तसं. म्हणून दांडा वर धरून ठेवणारी कॉलर आणि तिचा बोल्ट या कामात सैल करायचा नाही. होडी पाण्यात असताना तर स्पर्शही नाही.

चेकनट, म्हणजे ग्लँडचा नट सैल होऊ नये म्हणून लावलेला दुसरा नट, आणि ग्लँडचा नट एकमेकांवर आवळलेले असतात. दोन पान्हे लागतात, एक धरायला, एक फिरवायला. हातोडी नको, पितळेचे आटे एकदा गेले की पूर्ण डबी बदलावी लागते. रात्रभर भेदक तेल सोडून ठेवलं की सकाळी बहुतेक सुटतो. नट वर सरकवून सुताने बांधून ठेवायचा, नाहीतर तो नेमका कामाच्या वेळी हातावर येऊन पडतो. मग जुनी दोरी. कॉर्कस्क्रूसारख्या टोकाचा लवचीक आकडा मिळतो; नसेल तर लाकडाचा स्क्रू दोरीत फिरवून पकडीने ओढायचा, टोक दांड्याला लागू न देता. कड्या मोजत काढायच्या. इथे सर्वात जास्त फसवणूक होते: तीन निघतात, चौथी तळाशी दगड होऊन बसलेली असते, आणि तिलाच डबीचा तळ समजून तिच्यावर नव्या तीन बसवल्या जातात. मागच्याने तसंच केलं असेल तर तळाशी दोन पिढ्यांची दोरी असते. बारीक काडीने खोली मोजायची, चारी बाजूंनी. एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला ३५ लागलं तर खाली अजून काहीतरी आहे.

दोरी निघाली की दांडा दिसतो, आणि या क्षणासाठी सगळा खटाटोप असतो असं म्हटलं तरी चालेल. फडक्याने पुसून नख उभं फिरवायचं. नख अडकलं नाही, नुसती चकाकती पट्टी दिसली, तर चारशे नंबरचा पॉलिश पेपर ओला करून दांड्याभोवती आडवा फिरवला की झालं. उभा घासला तर प्रत्येक ओरखडा पाण्याला जिना होतो. नख अडकलं तर खाच आहे. आणि सुईच्या टोकाएवढे काळपट खड्डे दिसले तर तो स्टेनलेसचा खास आजार. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा ओरखडला की प्राणवायू लागतो तो पुन्हा धरायला. ओल्या दोरीखाली साचलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू संपलेला असतो. ३१६ जातीच्या स्टेनलेसमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते जास्त काळ टिकतं. पण सुटका त्याचीही नाही. उलटं वाटेल, पण हे खड्डे रोज चालणाऱ्या होडीपेक्षा वर्षभर बांधून ठेवलेल्या होडीत जास्त पडतात. पाणी हललं नाही की धातू खाल्ला जातो.

खड्डे उथळ असतील तर एक युक्ती कामी येते. डबीच्या तळाशी डेलरीनची एका दोरीएवढ्या उंचीची कडी टाकायची, वर तीनच कड्या दोरीच्या. दोरीची जागा वर सरकते आणि ती चांगल्या धातूवर बसते. खोल खाच असेल तर दांड्यावर धातूची बाही चढवणं किंवा नवा दांडा. खड्ड्यात वेल्डिंग भरून लेथवर घासून घेऊ, असं कुणी म्हणालं तर नको म्हणायचं. चारशे किलोचा वाकवणारा भार बाजू बदलत येणाऱ्या जागेच्या जवळ उष्णतेने हलवलेला धातू नको.

नव्या कड्या दांड्यावर कापायच्या नाहीत, ब्लेडची खूण दांड्यावर राहते. तेवढ्याच व्यासाच्या पाइपवर दोरी गुंडाळून, धारदार ब्लेडने तिरका काप, ४५ अंशांचा. प्रत्येक कडी वेगळी. एकच लांब दोरी वेटोळं करून डबीत कोंबणं हा पंपावर घाईत चालणारा प्रकार. त्यात पाण्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चक्री रस्ता मिळतो. कडी ग्रीसमध्ये बुडवून बसवायची, आणि ती तळापर्यंत नेऊन मगच दुसरी. उभा चिरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा दांड्यावर चढवून त्याने ठोकत नेली की सरळ बसते. सांधे एकमेकांपासून पाव वर्तुळावर. ग्रीसही बघून घ्यावं. पेट्रोलपंपावरचं साधं लिथियम ग्रीस खाऱ्या पाण्यात साबणासारखं पांढरं होऊन धुवून जातं. होडीला पाण्यात टिकणारं, कॅल्शियम सल्फोनेट जातीचं घ्यावं.

नट हाताने जेवढा जाईल तेवढा. मग पान्ह्याने अर्धा फेरा, कड्या बसाव्यात म्हणून. मग पुन्हा सैल करून हाताने, आणि वर पाव फेरा. सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवायचं आणि पुन्हा बघायचं. दोन बोल्टांचं चपटं ग्लँड असेल तर दोन्ही बाजूंची फट व्हर्निअरने मोजून सारखी ठेवायची. तिरकं बसलेलं ग्लँड दांड्याला एका कडेने घासतं. पाण्यात उतरवल्यावर थेंब आला तर नटाचा एक पैलू, म्हणजे सहावा भाग. दीड मिलिमीटरच्या आट्याला तो पाव मिलिमीटर दाब देतो. एक पैलू, मग थांबायचं. दोरीला बसायला वेळ लागतो, आणि तासाभराने तोच थेंब आपोआप थांबलेला असतो. चाक एका बोटाने फिरत नसेल तर आवळण जास्त झाली. ऑटोपायलट असलेल्या होडीत हे आणखी महाग पडतं, कारण तो तक्रार न करता बॅटरी पीत राहतो.

ग्लँडऐवजी ऑइल सील असलेल्या होड्यांबद्दल थोडंसं. ५० गुणिले ७० गुणिले १० चं सील मोटारीच्या दुकानात शोधून मिळतं, आणि तोच सापळा आहे. त्या सीलच्या ओठामागची बारीक स्प्रिंग साध्या पोलादाची असते. समुद्रात काही महिन्यांत तुटते आणि ओठ सैल पडतो. स्टेनलेस स्प्रिंगचंच मागायचं, आणि स्प्रिंगची बाजू पाण्याकडे. रबरी बूट असेल तर त्याच्या घड्या चिमटीत दाबून आतल्या बाजूला केसासारख्या भेगा आहेत का बघायच्या, आणि क्लिपच्या स्क्रूला लोहचुंबक लावायचं. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा, अशा क्लिपा बाजारात ढिगाने आहेत. बूट बदलायला दांडा खाली उतरवावा लागतो. ते टाळण्यासाठी नवा बूट चिरून चिकटवणाऱ्यांना काय म्हणावं?

काम झालं की ग्लँडवर तारेने एक पत्र्याचा बिल्ला बांधून ठेवावा: दोरीची जाडी, कड्यांची संख्या, खाली टाकलेली डेलरीनची कडी, तारीख. पुढच्या माणसाला तीन निघाल्यावर चौथीसाठी दगड फोडत बसायला नको. आणि दीड मीटरमधली उरलेली दोरी फेकायची नाही. ८ मिलिमीटरच्या त्याच दोरीच्या विहिरीवरच्या ४० च्या शाफ्टला १५१ मिलिमीटरच्या कड्या लागतात, पाच निघतात, पंपाचं ग्लँड भरतं. तिथे नट आवळताना मात्र थेंब चालू ठेवायचा.